बत्तीस तासांच्या आत

सकाळी ७. चिलटं वाढवायच्या फ्लाय रूममधली कपाटं २५ अंशांवर असतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून केलेलं खाद्य तळाशी असलेल्या बाटल्या बाहेर काढते. काचेवर चढलेल्या काही अळ्या रात्रीतून आखडून कोश झाल्या आहेत. सुरुवातीचा तासभर हा कोश पांढराशुभ्र राहतो, मग कवच तपकिरी होऊ लागतं. तो पांढरा क्षण म्हणजे आमचं शून्य. ओल्या कुंचल्याने पांढरे कोश तेवढे उचलून डबीत ठेवायचे आणि झाकणावर वेळ लिहायची. इथे आळस केला तर पुढचं सगळं काम वाया.

८.३०. नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्या वेगळ्या करणं, जुने स्टॉक नव्या बाटल्यांत हलवणं. रोजचंच.

११. काल सकाळी सातला उचललेले कोश आता २८ तासांचे झाले. चिमट्याने कवच सोलायचं, फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवायचं, मग पंख सोडवायचा. केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटाचा हा पंख, तोही अर्धवट घडलेला. त्यात सुमारे ३०,००० पेशी असतात. आणखी चारेक तासांनी, म्हणजे कोश होऊन ३२ तासांच्या सुमारास, प्रत्येक पेशीतून एकेक केस फुटू लागला असता आणि प्रत्येक केस पंखाच्या टोकाकडेच वळलेला असता.

यंदा आलेली विद्यार्थिनी शेजारी बसून शिकते आहे. तिने विचारलं, "मॅडम, टोक कुठल्या बाजूला आहे हे पेशीला कळतं कसं?"

"एकटीला कळत नाही गं. शेजारणींशी जुळवून घेऊन ठरवते."

उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. पेशीच्या टोकाकडच्या कडेला फ्रिझल्ड नावाचं प्रथिन गोळा होतं, मुळाकडच्या कडेला व्हॅन गॉग. पहिल्याच्या सोबतीला डिशेव्हल्ड, दुसऱ्याच्या सोबतीला प्रिकल. फ्लेमिंगो दोन्ही कडांना असतं आणि शेजारच्या पेशीतल्या फ्लेमिंगोला धरून ठेवतं. एकीच्या फ्रिझल्डसमोर दुसरीचं व्हॅन गॉग येतं आणि जोडी पक्की होते. एकाच पेशीत मात्र हे दोन गट एकमेकांना दूर सारतात. त्यामुळे सुरुवातीचा किंचितसा कल वाढत जातो, आणि जिथे फ्रिझल्ड जमलं त्याच कडेला पुढे केस उगवतो.

दुपारी २. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर माझी वेळ. आधीच्या खेपेत रंगवून ठेवलेले पंख आज पाहायचे आहेत. फ्लेमिंगो पेशींच्या सीमांवर नागमोडी रेघांसारखं दिसतं: मुळाकडच्या आणि टोकाकडच्या कडा ठळक, बाजूच्या कडा फिक्या. हे चित्र कितीही वेळा पाहिलं तरी मी खुर्ची पुढे ओढतेच.

यातल्या एका पंखात आम्ही फ्रिझल्ड नसलेल्या पेशींचा छोटा पट्टा तयार केला आहे. त्या पेशी बिघडणार हे उघड आहे. पण पट्ट्यापलीकडच्या, टोकाच्या बाजूच्या पेशी पूर्ण निरोगी असूनही त्यांचे केस उलटे, पट्ट्याकडे वळलेले असतात. छपरावर एक कौल उलटं बसलं की त्याला टेकणारी कौलंही सरळ बसत नाहीत, तसंच. व्हॅन गॉग काढलं तर गोंधळ विरुद्ध बाजूला, मुळाकडच्या पेशींत होतो. पेशी शेजारणीकडून दिशा घेते याचा याहून भक्कम पुरावा माझ्या माहितीत नाही. पॉल अॅडलर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये फ्रिझल्ड जनुकाचा क्रम प्रसिद्ध केला, तेव्हापासून या प्रयोगांना रेणूंचा आधार मिळाला.

पण शेजारणींचं आपसात जमलं म्हणून सगळ्या मिळून योग्यच दिशा धरतील असं नाही. कालच्या डबीतले कोश साधारण सोळा तासांचे झाले, म्हणजे काल रात्री अकराच्या सुमारास, पंखाचं मूळ आकसू लागलं असणार. त्या ओढीने पेशी लांबतात, सरकतात, शेजार बदलतात. ड्रेस्डेनमध्ये सुझान ईटन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की आधी पंखाच्या कडेकडे वळलेली दिशा या ओढीने फिरून पंखाच्या लांबीला समांतर होते. नुसती प्रथिनांची यादी पाठ करणाऱ्याला ही गोष्ट अर्धीच समजते, असं माझं मत आहे.

५. नोंदवही. कोणता पंख, किती तासांचा, कोणत्या भागाची चित्रं घेतली.

६.३०. विद्यार्थिनीचा निघतानाचा प्रश्न: "माशीच्या केसांवर इतकी वर्षं का घालवायची?" तिला लूपटेल उंदराबद्दल सांगितलं. त्याच्यात माशीच्या व्हॅन गॉगचंच भावंड, व्हॅन्गल-२, बिघडलेलं असतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या गर्भात मेंदूच्या मागच्या भागापासून पाठीपर्यंत मज्जानलिका मिटतच नाही, आणि आतल्या कानातल्या केसपेशींचे झुबके वेड्यावाकड्या दिशांना वळतात. व्हॅन्गल कुळातल्या जनुकांचे बदल माणसातल्या मज्जानलिकेच्या काही दोषांतही सापडले आहेत.

तुमच्या मुलांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर केळ्यांवरचं एक मेलेलं चिलट घेऊन जा. पंख अलगद तोडून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि शंभरपट मोठा करून पाहा. केस कुठे वळलेत ते मुलांनाच सांगू द्या.