थोडी ढील हवीच

मंडळी, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या वेगवान मोटारीला अधिक कडक क्लच बसवला. पेडल ढिले लागू नये म्हणून त्याने पेडलाची दांडी पार पिस्टनला टेकवून ठेवली. सकाळी गाडी झकास चालली. पण खंबाटकी घाट निम्मा चढतो न चढतो तोच इंजिन घोंगावू लागले, चाके मंदावली आणि जळका वास सुटला. असे का व्हावे?

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअर यांना जोडणारी तबकडी. एक जोरदार स्प्रिंग तिला इंजिनच्या जड चाकावर दाबून धरते. पेडल दाबले की हा दाब सुटतो. ही कामगिरी येथे तेलाकडे असते. पेडलापाशी एक नळकांडे, गिअरपेटीपाशी दुसरे, आणि मध्ये तेलाने भरलेली नळी. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा फ्रान्समधील ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याचा नियम.

पहिल्या नळकांड्याचा व्यास १६ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा २० धरा. पहिला पिस्टन २५ मिलिमीटर सरकला, तर दुसरा १६ सरकेल. जोर मात्र दीडपटीहून थोडा अधिक मिळेल. जोर वाढवाल तर अंतर घटते. एकच रुपया दोनदा खर्च होत नाही, बरं का!

आता जुळणी. आधी हवा काढा. पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही. इथेही तसेच, कारण हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने खालचा स्क्रू सोडून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि पेडल सोडण्यापूर्वी स्क्रू आवळावा. असे बुडबुडे थांबेपर्यंत करावे. टाकीतले तेल मात्र संपू देऊ नये. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घाला. इंजिनचे ऑइल चालत नाही.

मग दांडी. तिच्या आट्यांवर नट फिरवून, पेडल पूर्ण वर असताना दांडी व पिस्टन यांत साधारण १ मिलिमीटर जागा ठेवा. नक्की आकडा पुस्तिकेत पाहा. पेडलाची तरफ सहापट असेल, तर पायाला ही ढील ६ मिलिमीटर लागेल. पिस्टन पुरता मागे आला तरच टाकीकडचे बारीक छिद्र उघडते. तेल तापले की फुगते. छिद्रच बंद असेल, तर फुगलेले तेल जाणार कुठे? ते दुसऱ्या पिस्टनला ढकलते आणि क्लच अर्धवट सुटून घसरतो. घाटात हेच घडले.

शेवटी, चाकांना अडण लावून, पुढेमागे कुणी नाही हे पाहून इंजिन चालू करा. पेडल दाबून क्षणभर थांबा आणि रिव्हर्स गिअर टाका. करकर झाली, तर क्लच पुरता सुटत नाही. सुटतो त्याच्या किंचित पुढे पेडलाखाली अडणा बसवा. त्यापलीकडे दाबले तर स्प्रिंगची बोटे वाकतात.

शिक्षकबंधुभगिनींनो, लहानमोठ्या दोन पिचकाऱ्या रबरी नळीने जोडून पाणी भरा, आणि मग मुद्दाम एक बुडबुडा आत राहू द्या. मुलांना धडा पाठ करावा लागणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याला नवी तबकडी घालावी लागली. चूक होती अवघ्या एका मिलिमीटरची.