उचल गेली, टोळी कुठे आहे?

सिव्हिलवाल्यांना पुढे साईटवर ‘आज लेबर आलं नाही’ हे वाक्य नेहमीच ऐकावं लागणार. बांधकाम असो की वीटभट्टी, आमच्या चांदूर रेल्वेकडचे ठेकेदारही मुकादमाच्या नावाने बोटं मोडतात. असं का होतं, ते ऊसतोडीवरून नीट कळतं.

साखर कारखाना वाहतूक ठेकेदाराला आगाऊ पैसे देतो, ठेकेदार ते मुकादमाला देतो आणि मुकादम मजुरांना. हीच उचल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम कोयते मोजून उचल मागतो. कधी तो एकाच टोळीवर दोघा ठेकेदारांकडून उचल घेतो. हंगामाला टोळी आलीच नाही, तर कर्ज ठेकेदाराच्या डोक्यावर!

मग राग निघतो मजुरावर. पण त्याच्या हातात किती पडले, हे ठेकेदाराने पाहिलेलंच नसतं. शिवाय १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यामुळे उचलीपोटी कुणाला डांबून राबवणं हा गुन्हा आहे.

म्हणून उचल थेट मजुराच्या खात्यात टाकावी, मुकादमाला फक्त त्याचं कमिशन द्यावं. उद्या आपण इंजिनिअर झालो, की नुसती डोकी मोजू नका, नावंही लिहून घ्या.