नवखा भिडू

भाऊबिजेला सायखेड्याच्या मामांचे घर भरून जाते. गोदाकाठचा गारवा, फराळाची ताटे आणि रात्रीची जेवणे आटोपली की ओसरीवर सतरंजी! मामा पत्त्यांचा कॅट पिसू लागले की मोबाइलसुद्धा कोनाड्यात जातात.

एका वर्षी घरात नवी सून आली होती. तिला थेट मेंढीकोटाला बसवले, तेही मामांची भिडू म्हणून. बिचारीने पहिल्याच हाताला चौकटीची दश्शी टाकली आणि पुढच्याने ती एक्क्याने उचलली. "अगं सूनबाई, दश्शी अशी टाकतात का?" मामा ओरडले. सगळे हसले. डाव संपताच वहिनी चहा टाकायला म्हणून आत गेल्या, त्या रात्रभर बाहेर आल्या नाहीत. डाव मामांनी जिंकला असता तरी रात्र हरलीच होती.

पुढच्या वर्षी आजीने सूत्रे हाती घेतली. तिची रीत कोणत्याही घरी चालण्याजोगी आहे.

आरंभ बदाम सातने. आठजण असले तर चौघांना सात, चौघांना सहा पाने येतात. बदामाची सत्ती पडली की तिच्या खालीवर पाने लावत जायचे, दुसऱ्या रंगाची सत्ती आली की नवी ओळ. इथे भिडू नाही, म्हणून कोणाचे कोणावर खापर नाही. नवख्याला चार रंग कळतात, आणि सत्ती दाबून धरण्यातली मौज जाणत्यांनाही पुरते.

मग पाच-तीन-दोन. तीन खेळाडू, तीस पाने: चारही रंगांच्या अठ्ठीपासून वरची अठ्ठावीस आणि दोन सत्त्या. प्रत्येकाला दहा. कोणी पाच हात करायचे, कोणी तीन, कोणी दोन, हे आळीपाळीने ठरते. हुकूम म्हणजे काय, ते इथे हाताला कळते. पहिला डाव मात्र पाने उघडी ठेवून खेळावा.

मेंढीकोट शेवटी. चार दश्श्या आपल्या जोडीकडे आणायच्या, एवढेच त्याचे मर्म. पण सर्वांत मुरलेल्या खेळाडूसमोर सर्वांत नवखा भिडू बसवावा. दोघे मुरलेले एका बाजूला गेले, की डाव वाटतानाच निकाल लागतो. चालू डावात कोणी शिकवायचे नाही, डाव संपल्यावर भिडूने एकच गोष्ट सांगायची. पैसे नाहीत, चिंचोके. आणि हरलेल्या जोडीने चहा करायचा, मग ते मामा का असेनात!

जाणत्याला वाटते, बावन्न पाने ती काय! सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तो संच मामांपुढे ठेवला, तर तेही पहिल्या रात्री वराह कोणता अन् वामन कोणता, ते विचारत बसतील. नवख्याला आपली बावन्न पानेही तशीच दिसतात.

गेल्या दिवाळीला नवे जावई आले. "मला काही येत नाही," म्हणत ते भिंतीला टेकले. वहिनींनी सतरंजीवर जागा केली आणि म्हणाल्या, "या भाऊजी, माझ्यासमोर बसा. पहिला डाव उघडाच खेळू."

मामा काही बोलले नाहीत. त्या रात्री चहा त्यांनीच केला. थोडा गोड झाला होता, पण कोणी तक्रार केली नाही.