९८८ पिनांचा सॉकेट

२०११ ते २०१४ या काळात घेतलेला जाडजूड गेमिंग लॅपटॉप ज्यांच्या घरात अजून आहे, त्यांच्याकडे असं काहीतरी आहे जे आज लाख-दोन लाखांच्या नव्या लॅपटॉपातही सहसा मिळत नाही. त्याचा प्रोसेसर काढता येतो. सोल्डरिंग मशीन लागत नाही, गरम हवेची बंदूक लागत नाही. चपट्या टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

ही सोय ज्या भागामुळे झाली तो म्हणजे इंटेलचा जी-२ सॉकेट. तांत्रिक नाव आरपीजीए-९८८बी. २०११ साली सँडी ब्रिज पिढीबरोबर तो आला आणि २०१२ च्या आयव्ही ब्रिजनेही तोच वापरला. प्रोसेसरच्या पोटाला ९८८ बारीक पिना असतात आणि सॉकेटमध्ये त्यांच्यासाठी छिद्रं. कोपऱ्यातली त्रिकोणी खूण जुळवून प्रोसेसर वर ठेवला की तो स्वतःच्या वजनाने आत बसतो. बोटाने दाबायची वेळ आली तर काहीतरी चुकतंय असं समजून तिथेच थांबावं. मग सॉकेटच्या कडेचा स्क्रू फिरवायचा. आतली पट्टी किंचित सरकते आणि सगळ्या पिना एकदम पकडल्या जातात. उलटा फिरवला की एकदम सुटतात. इतकी साधी आणि इतकी विचारपूर्वक केलेली रचना लॅपटॉपच्या पोटात फार कमी ठिकाणी सापडते.

कंपन्यांनी हे ग्राहकाच्या प्रेमापोटी केलं नव्हतं. एकच मदरबोर्ड बनवायचा आणि मागणीप्रमाणे त्यात स्वस्त किंवा महाग प्रोसेसर बसवायचा, हा कारखान्याचा हिशेब होता. पण त्यातून ग्राहकाला मोठी मोकळीक मिळाली. ज्याने तेव्हा खिशाकडे बघून आय-५ घेतला, त्याला त्याच बोर्डावर पुढे आय-७ बसवता येतो.

बदल कुठून कुठे करायचा, यावर सगळं अवलंबून आहे. समजा लॅपटॉपमध्ये आय५-३२१०एम आहे: दोन कोअर, ३५ वॉट. त्याच्या जागी आय७-३६३०क्यूएम बसवला तर चार कोअर आणि आठ थ्रेड मिळतात, टर्बोचा वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. हा फरक खेळात ताबडतोब जाणवतो, कारण गर्दीच्या दृश्यांत अडखळणारे बरेच खेळ दोन कोअरमुळेच अडखळत असतात. हा बदल करावाच, असं माझं मत आहे. पण ज्याच्याकडे ३६३०क्यूएम आधीच आहे त्याने आय७-३८४०क्यूएमच्या मागे धावू नये. टर्बो ३.८ वर जातो, कॅश ६ ऐवजी ८ एमबी होते, आणि रोजच्या वापरात एवढ्याने फारसं काही हलत नाही.

राहिला त्या पिढीचा राजा, आय७-३९४०एक्सएम. नवा असताना त्याची यादीतली किंमत १,०९६ डॉलर होती. तेवढ्यात एक चांगला लॅपटॉप येत असे. मल्टिप्लायर खुला असल्याने त्याचा वेग हवा तसा वाढवता येतो, म्हणून जुन्या यंत्रांच्या शौकिनांना त्याची ओढ असते आणि ती मला कळते. पण तो ५५ वॉटचा आहे. पंखा आणि तांब्याच्या नळ्या ४५ वॉटसाठी असतील, तर तो तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी आपल्या धाकट्या भावंडांइतकाच चालतो. या पिढीच्या क्यूएम प्रोसेसरची कमाल मर्यादा १०५ अंश सेल्सिअस आहे आणि धूळ साचलेल्या लॅपटॉपला तिच्या आसपास पोचायला वेळ लागत नाही. आय-५च्या मॉडेलला काही कंपन्या हलका हीटसिंक लावत. अशा वेळी प्रोसेसरबरोबर आय-७च्या मॉडेलचा हीटसिंकही शोधावा लागतो, आणि कित्येकदा प्रोसेसर सहज मिळतो, हीटसिंक मिळता मिळत नाही.

हात घालण्याआधी बायोस अद्ययावत करायचा, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा प्रोसेसर बायोसला ओळखता आला नाही तर पडदा काळाच राहतो. एचएम-७६ किंवा एचएम-७७ चिपसेट असेल तर दोन्ही पिढ्या चालतात. त्याआधीच्या एचएम-६५ आणि एचएम-६७ वर आयव्ही ब्रिज चालेल की नाही हे कंपनीने बायोसचं तसं अपडेट दिलं होतं का, यावर ठरतं.

मग चार्जर आणि बॅटरी काढून झाकण उघडायचं. हीटसिंकच्या स्क्रूंवर किंवा त्यांच्या शेजारी बहुधा आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट्या क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. एकच बाजू आधी आवळली तर सगळा भार सिलिकॉनच्या एका कोपऱ्यावर येतो. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ते नसतं. चार कोअरच्या आयव्ही ब्रिजचा सुमारे १६० चौरस मिलिमीटरचा, १४० कोटी ट्रान्झिस्टरांचा तुकडा उघडाच समोर असतो. त्याचा कोपरा उडाला की प्रोसेसर संपला. वाळलेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नखाने किंवा ब्लेडने खरवडू नये. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

असे प्रोसेसर आता जुन्या बाजारातच मिळतात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, हे त्यासाठीचं नेहमीचं ठिकाण. घेताना पिना आडव्या धरून उजेडात बघाव्यात. एकही वाकलेली असेल तर रांगेत लगेच दिसते. वर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं छापलं असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो, स्वस्त असला तरी घेऊ नये. विक्रीसाठीच्या मालावरचा कोड या पिढीत ‘एसआर’ने सुरू होतो.

खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर मी आधी रॅम सांगेन. बऱ्याच लॅपटॉपात दुकानातून निघताना ४ जीबीची एकच स्टिक असे. डीडीआर-३ची १६०० वेगाची एक स्टिक सेकंदाला १२.८ गिगाबाइट माहिती पोचवू शकते. दोन वेगवेगळ्या चॅनेलांत दोन लावल्या की २५.६. म्हणजे ८ जीबीची एक घेण्यापेक्षा ४-४च्या दोन बऱ्या, आणि ८-८च्या दोन सगळ्यांत बऱ्या. या पिढीला १६ जीबीची स्टिक ओळखता येत नाही. चार स्लॉटच्या मोठ्या लॅपटॉपात त्यामुळे ३२ जीबी ही शेवटची पायरी. अशा काही यंत्रांत दोन स्लॉट तळाकडून उघडतात आणि दोन कीबोर्डखाली दडलेले असतात, ते मालकाला वर्षानुवर्षं माहीतही नसतात. १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल स्टिक आयव्ही ब्रिजमध्ये बहुधा बिनतक्रार चालते. त्यानंतरच्या हॅसवेल पिढीच्या लॅपटॉपात मात्र १.५ व्होल्टची जुनी स्टिक चालेल याची खात्री नसते.

एवढं सगळं करूनही काही दारं उघडत नाहीत. एव्हीएक्स-२ ही आज्ञावली इंटेलने २०१३ च्या हॅसवेलपासून दिली. काही नवे खेळ तिच्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि त्यांच्यापुढे ३९४०एक्सएमचाही इलाज चालत नाही. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा असतो, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून अशा यंत्रावर आता लिनक्स घालावं. आपल्या काळातले खेळ ते यंत्र तिथेही नीट चालवतं.

हॅसवेलमध्ये सॉकेट अजून होता, पण शेजारी सोल्डर केलेले प्रोसेसरही आले. नावाच्या शेवटी एमक्यू असेल तर सॉकेट, एचक्यू असेल तर सोल्डर. २०१३ चा एलियनवेअर १७ सॉकेटचा होता. २०१५ च्या सुरुवातीला आलेला त्याचा वारस सोल्डरचा. त्या वर्षीच्या ब्रॉडवेलपासून लॅपटॉपच्या प्रोसेसरांतून सॉकेट गेलाच. सॉकेटमुळे बोर्डाची जाडी वाढते आणि बाजाराला पातळ लॅपटॉप हवे होते. क्लेव्होने डेस्कटॉपचे प्रोसेसर लॅपटॉपात बसवून ही परंपरा काही काळ टिकवली, २०१९ मध्ये एलियनवेअरच्या एरिया-५१एमनेही तेच केलं, पण हे अपवाद राहिले.

याची किंमत मालक मोजतो. प्रोसेसर बिघडला तर कंपनीच्या सेवा केंद्रात अख्खा बोर्ड बदलायला सांगतात, नाहीतर चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर गाठून बीजीए मशीनवर प्रोसेसर बदलून घ्यावा लागतो. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅमही बोर्डाला चिकटलेली येते. पातळपणा आणि वेग दोन्ही सांभाळून रॅम पुन्हा सुटी करता येईल, अशी कॅम-२ नावाची रचना जेडेक या मानक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रमाणित केली. ती गेमिंग लॅपटॉपांत सर्रास यावी असं मला मनापासून वाटतं. प्रोसेसरसाठी असं काही कुणी करताना दिसत नाही.

आणि काढलेला आय-५ टाकून देऊ नये. पिनांना धक्का लागणार नाही अशा डबीत ठेवावा. त्याच सॉकेटचा दुसरा लॅपटॉप बंद पडला, तर बोर्ड गेला की प्रोसेसर, हे ठरवायला दुरुस्ती करणाऱ्याला असाच एक चालू प्रोसेसर हाताशी लागतो.