माथेरान: चढणीची पावणेदोनशे वर्षं

मे 1850. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याला, चौक गावात होता. कर्जतचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन मॅलेट आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूनं वर चढले आणि रामबागच्या वाटेनं खाली उतरले. वर मिळालेली गर्द सावली आणि गार वारा त्यांना इतका भावला की त्याच वर्षी ते पुन्हा आले आणि पुढे त्यांनी तिथे घरही बांधलं. माथेरानचा इतिहास बहुतेक ठिकाणी इथूनच सांगितला जातो. पण ठाकर, कातकरी आणि धनगर या उतारांवर पिढ्यानपिढ्या राहत होते. साहेब चढले त्या वाटा त्यांच्याच पायांनी मळलेल्या होत्या.

माथेरानकडे मागे वळून पाहताना पॉइंटांची यादी, सूर्यास्त आणि चिक्की यांच्यातच नजर अडकते. खरं तर या गावाची सगळी गोष्ट एका प्रश्नाभोवती फिरते: पाहुण्यांना वर न्यायचं कुणी?

गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरान मनावर घेतलं, वर बंगला बांधला, रस्ते आखले. मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेले इंग्रज अधिकारी आले, त्यांच्यामागून पारशी, बोहरी, गुजराती धनिक आले. 1856 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ नेरळवरून खोपोलीपर्यंत पोचला आणि मुंबईहून पायथा गाठणं सोपं झालं. चढ मात्र तसाच राहिला. समुद्रसपाटीपासून जवळपास 800 मीटर उंचीवरच्या त्या पठारावर पोचायला तट्टू होतं, पालखी होती, नाहीतर स्वतःचे पाय. पालखी म्हटली की भोई आले आणि सामान म्हटलं की हमाल आले. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनं माथेरानवर भरभरून लिहिलंय: हवा, झाडं, पाणी, बंगले, सगळ्याची बारीक नोंद आहे. पालख्या वाहणाऱ्या त्या माणसांची नावं मात्र कुठेच उरलेली नाहीत.

या चढणीवर पहिला मोठा उपाय काढला तो पीरभॉय कुटुंबानं. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बडे बोहरी व्यापारी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळपासून माथेरानपर्यंत रेल्वे नेण्याचा ध्यास घेतला. 1904 ला काम सुरू झालं आणि 1907 ला गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये, तोही एका कुटुंबाच्या तिजोरीतून. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट, मार्ग सुमारे 21 किलोमीटरचा. सरळ रेषेत अंतर यापेक्षा कितीतरी कमी आहे; पण रुळांनी थेट चढ घेतला असता तर इंजिन जागचं हललं नसतं. म्हणून मार्ग डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणं घेत जातो आणि वीस फुटांमागे एक फूट चढतो. अशा आवळ वळणांवर साधी इंजिनं अडकली असती. त्यासाठी ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कारखान्यातून खास घडणीची वाफेची इंजिनं आली. त्यांच्या चाकांचे आस वळणावर थोडे सरकत, त्यामुळे इंजिन रुळाला धरून राही. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहेत. वाटेतला एकुलता एक बोगदा ‘वन किस टनेल’ म्हणून ओळखला जातो, कारण तो सुरू होतो न होतो तोच संपतो.

ही गाडी म्हणजे लहान मुलांचं खेळणं नव्हे. ती या डोंगरावरची सगळ्यात माणुसकीची सोय होती, कारण तिच्यामुळे पहिल्यांदाच साध्या माणसाला पायपीट न करता, तट्टूवर किंवा दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर न बसता माथेरान गाठता आलं.

वरच्या वस्तीचं जगणं मात्र पाहुण्यांच्या हंगामावरच टांगलेलं राहिलं. बंगल्यांमधले माळी, आचारी, घोडेवाले, चामड्याच्या चपला शिवणारे, सगळ्यांची कमाई चार महिन्यांची. याच गावात, एका नाभिक कुटुंबात, 1 डिसेंबर 1912 रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. पुण्यात शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पायथ्याच्या आदिवासी वाड्यांवर शाळा काढणं, सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवायला धान्यकोठ्या चालवणं, ही त्यांची कामं. 1942 च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानला जाणाऱ्यांपैकी कितीजण पॅनोरमा पॉइंटइतक्या सहजतेनं हे नाव घेतात? घ्यायला हवं.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक थंड हवेच्या ठिकाणांनी एकच वाट धरली: रस्ता, मोटारी, हॉटेलं, कोंडी. माथेराननं मोटार वर येऊ दिली नाही. नेरळहून येणारा घाटरस्ता दस्तुरी नाक्यावर थांबतो. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच किलोमीटर जांभ्याच्या तांबड्या मातीतून जायचं. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपनं दिलेल्या दीर्घ लढ्यानंतर 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. अंजनी आणि जांभळाची जुनी झाडं, फांद्यांवरून झेपावणारं शेकरू आणि भोंग्यांवाचून जाणारा दिवस, हे त्या बंदीचं थेट फळ आहे आणि ते अनमोल आहे.

त्या फळाची किंमत कुणी चुकवली हे मात्र दस्तुरीवर तासभर उभं राहिलं की कळतं. पायथ्याच्या वाड्यांमधून पहाटे वर आलेल्या बाया पर्यटकांच्या बॅगा डोक्यावर घेतात. आधी चुंबळ, तिच्यावर मोठी सूटकेस, तिच्यावर छोटी बॅग आणि खांद्याला आणखी एक पिशवी. चाकांची सूटकेस त्या मातीत चालतच नाही, ती डोक्यावरूनच जाते. गॅसचे सिलिंडर, भाजीपाला, धान्य घोड्यांच्या पाठीवरून वर जातं. आणि हातरिक्षा! लोखंडी सांगाडा, एक आसन, पुढे दांडी धरून ओढणारा, मागून रेटणारे एक-दोघे. चढावर ओढणाऱ्याची छाती जवळजवळ दांडीवर टेकते. उतारावर खरी कसोटी, तेव्हा अंगाचं सगळं वजन मागे टाकून, टाचा मातीत रोवून गाडी आवरावी लागते. नव्वदच्या वर माणसांनी या कामावर वर्षानुवर्षं संसार चालवले. आजारी माणसाला नेण्याचं मुख्य साधनही तेच होतं.

मधल्या काळात रेल्वेनंही साथ सोडली. 26 जुलै 2005 च्या पावसानं रूळ वाहून गेले, गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. मे 2016 मध्ये डबे घसरले आणि सेवा बंद झाली. 2018 च्या सुरुवातीला नेरळहून ती पूर्ववत झाली न झाली, तोच 2019 च्या पावसाळ्यानं मार्ग उद्ध्वस्त केला. ऑक्टोबर 2022 पर्यंत पायथ्यापासून गाडी नव्हती. अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी आधाराला होती.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच या कामातून सुटका मागितली, ही या मागोव्यातली सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या, असं म्हणत त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं परवानगी दिली आणि डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. रोज काही किलोमीटर पायपीट करणारी शाळकरी मुलं, म्हातारी माणसं, रुग्ण यांना या रिक्षांचा आधार मिळाला. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांचीही भीती खोटी नव्हती. चारशेहून अधिक घोड्यांवर घरं चालणाऱ्या, पाच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात धंद्याचं गणित बदललं की चुलीपर्यंत झळ पोचते. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हाही ते म्हणाले, घोडे घसरतात. दुसरीकडे, सुट्या मातीतून ई-रिक्षा चढत नव्हत्या. न्यायालयानं शेवटी दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला मातीच्या ब्लॉकची मुभा दिली, आतल्या वाटांना नाही. हा तोडगा सगळ्यांचं समाधान करणारा नसला तरी शहाणपणाचा आहे.

6 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, असा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढणं राज्यघटनेच्या सामाजिक न्यायाच्या आश्वासनाशी विसंगत आहे, अशी न्यायालयाची भूमिका. पुनर्वसनासाठी गुजरातेतल्या केवडियाचं उदाहरण समोर ठेवलं गेलं. तिथे स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात. पैशाची अडचण सांगून योजना अडवू नका, असंही सरकारला बजावलं.

पहिला हक्क अर्थातच हातरिक्षावाल्यांचा. त्यांच्यानंतर गरजेप्रमाणे उरलेल्या रिक्षा माथेरानच्या आदिवासी महिलांना आणि इतरांना देता येतील, अशी तरतूदही त्याच आदेशात आहे. बातम्यांमध्ये ती मागे पडली. पण चुंबळ डोक्यावर ठेवून पहाटे वर येणाऱ्या बायांपैकी काहींच्या हाती त्या रिक्षांची मूठ येते का, यावरच नगरपालिका आणि सरकार यांची या कामातली नियत तपासली पाहिजे.