रेकॉर्डमध्ये न सापडलेला बेस
जॉर्ज 'पॉप्स' फॉस्टर (१८९२-१९६९) हे न्यू ऑर्लीन्सचे जॅझवादक. मिसिसिपीवरच्या आगबोटींवर फेट मॅरेबलच्या बँडमध्ये होते. डबल बेस वाजवायचे, गरजेला ट्यूबाही.

आता समजा, १९२५ आधीच्या जॅझ रेकॉर्ड हाच तुमचा डेटा आहे. त्यात डबल बेस फारसा ऐकूच येत नाही. मग 'तेव्हा सगळे ट्यूबाच वाजवत' असं लिहून टाकाल? थांबा. तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नसायचा. आवाज भोंग्यातून पडद्यावर जायचा आणि त्या कंपनांनी सुई मेणात रेघ कोरायची. खालचे सूर त्यात धड उमटत नसत, आणि डबल बेसची सर्वांत खालची तार तर ४१ हर्ट्झची! ट्यूबा त्यातल्या त्यात पोचायचा. उलट बडी बोल्डनच्या बँडचा १९०५च्या सुमाराचा फोटो बघा, डबल बेस समोर दिसतो. वाद्य होतं, टिपणारं यंत्र कच्चं होतं. (आपल्या लॅबमधला डिटेक्टर आठवला ना?)

फॉस्टर १९२९मध्ये लुईस रसेलच्या ऑर्केस्ट्रात आले, तोवर विजेवरचं रेकॉर्डिंग रुळलं होतं. त्या रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका. ओढून सोडलेली तार फळीवर आपटल्याचा टक् टक् आवाज त्यांचाच.