हवेत आले, हवा गेली!

माहीत आहे का? 'स्टार वॉर्स'मधलं टाय फायटर आणि एक्स-विंग, दोन्ही एकाच वेळी अंतराळातून पृथ्वीच्या वातावरणात सोडली, तर आधी वाट कुणाची लागेल? एक्स-विंग म्हणजे हिरोचं विमान. टोकदार नाक, चार पंख, फुल स्टाइल. आणि टाय फायटर? दोन तावदानांमध्ये अडकलेला चेंडू! पैज लावायला खिशात हात घातला असेल तर जरा थांबा. (सामना 'टाय' होईल, हा विनोद आम्हीच करून टाकतो. तुम्ही त्रास घेऊ नका.)

आधी मूळ घोळ बघू. १९७७चा पहिला 'स्टार वॉर्स' बनवताना जॉर्ज लुकस यांनी इफेक्ट्सच्या टीमपुढे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चकमकींची फिल्म जोडून ठेवली होती. असंच पाहिजे! म्हणून ही यानं निर्वात पोकळीतही कलतात, वळतात, सूर मारतात. अंतराळात हवेचा पत्ता नाही आणि आमचे हिरो कायम हवेत.

एक्स-विंगचा आकार कुठून आला, माहीत आहे का? डार्टवरून! तोच तो, भिंतीवरच्या गोल फळ्यावर नेम धरून मारायचा बाण. डिझायनर कॉलिन कँटवेल यांना तो सुचला.

आणि टाय फायटरची ती अंगावर काटा आणणारी किंचाळी? हत्तीचा चीत्कार अधिक ओल्या रस्त्यावरून सर्रकन गेलेल्या गाडीचा आवाज. साउंड डिझायनर बेन बर्ट यांची ही मिसळ. अंतराळात ती कुणालाच ऐकू जाणार नाही. हवेत मात्र कान बधिर!

बरं, हवा नसेल तर विमान कलून वळत नाही, हा धडा कुणी प्रत्यक्ष गिरवलाय, माहीत आहे का? खुद्द नील आर्मस्ट्राँग यांनी. चंद्रावर पाऊल टाकायच्या सात वर्षं आधी, २० एप्रिल १९६२ रोजी, ते एक्स-१५ हे रॉकेट-विमान घेऊन खाली येत होते. नाक जरा जास्त वेळ वर राहिलं आणि विमान पुन्हा वरच्या विरळ हवेत उसळलं. वळण्यासाठी त्यांनी विमान कलवलं. विमान कललं, पण गेलं सरळच! पंखांना धरायला हवाच नव्हती. उतरायचं होतं एडवर्ड्स तळावर आणि स्वारी पोचली पार पॅसाडीनाच्या बाजूला, लॉस एंजेलिसजवळ. स्टॉप हुकलेल्या प्रवाशासारखे ते मागे फिरले आणि सुखरूप उतरले. एक्स-१५ची सर्वांत लांबलेली फेरी तीच, सुमारे साडेबारा मिनिटांची.

खरं सांगायचं तर 'स्पेस फायटर' म्हणावं असं विमान माणसानं बनवलंय, आणि ते हे. त्याला दोन प्रकारची कंट्रोल्स होती. हवा असेल तेव्हा शेपटीची हलती पाती, हवा संपली की हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेच्या पिचकाऱ्या. १९६३ मध्ये ते जवळपास १०८ किलोमीटर उंच गेलं. १९६७ मध्ये त्यानं ताशी ७,२७४ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिनवर उडणाऱ्या, माणूस बसलेल्या विमानाचा हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. हॉलिवूड, ऐकताय ना?

गरम गरम बातमी

आता पैजेकडे. सायकलच्या चाकात जोरजोरात हवा भरलीये कधी? पंपाचं खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं. का? दाबली की हवा तापते! ताशी २८,००० किलोमीटर वेगानं येणारं यान पुढची हवा अशीच दाबत येतं. लोक 'घर्षण, घर्षण' म्हणतात, पण मुख्य आग लावते ती ही दाबलेली हवा. स्पेस शटलचं नाक आणि पंखांच्या कडा सुमारे १,६५० अंश सेल्सियसपर्यंत तापायच्या. लोखंडही वितळेल!

मग नाक टोकदार हवं की बोथट? टोकदार म्हणालात? हरलात! १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हार्वी ॲलन यांनी दाखवून दिलं की बोथट वस्तू तापलेल्या हवेची लाट स्वतःपासून दूर ढकलते आणि बरीचशी उष्णता बाजूनं निघून जाते. टोकदार नाकाला ती चिकटून बसते. म्हणजे एक्स-विंगच्या नाकाला मिरच्या झोंबणार, त्याही साध्यासुध्या नाहीत.

आणि चेंडू? युरी गागारिन १९६१ मध्ये ज्यातून परतले, ते व्हॉस्टॉक कॅप्सूल चक्क गोल होतं! २.३ मीटर व्यासाचा गोळा, जड बाजू मुद्दाम एकीकडे ठेवलेली, म्हणजे गोळा आपला आपण सरळ होतो. थोडक्यात, व्हिलनचा तो हास्यास्पद चेंडू पहिल्या फेरीत पुढे! आम्हालाही धक्का बसला.

पण ती तावदानं!

इथे थोडा वैयक्तिक इतिहास. थर्माकोलवर बंदी यायच्या आधीची गोष्ट. गणपतीच्या मखरासाठी सहा फुटी शीट घेऊन आम्ही स्कूटरवर मागे बसलो होतो. शीट वाऱ्याला आडवी धरली तर स्कूटर मागे ओढली जायची, उभी धरली तर ठीक चालायचं. म्हात्रे पुलावर नदीकडून वारा आला, शीट बोटभर फिरली आणि स्कूटरनं लेनच बदलली! चालवणाऱ्या मामानं मागे न बघता एकच शब्द उच्चारला. तो इथे छापता येत नाही. वारा वाढला, शीटचे दोन तुकडे झाले आणि मखर त्या वर्षी बुटकं झालं.

टाय फायटरच्या दोन्ही अंगाला अशा अवाढव्य शीट्स आहेत. सरळ जाताना ठीक. जरा तिरकं झालं की मामा आठवणार.

पटत नाही? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे हवा जवळजवळ नसल्यात जमा. तरी रात्रीच्या बाजूला, जिथे ऊनच नसतं, त्याची सोलर पॅनेल्स वाऱ्याला कडा दाखवून धरायची पद्धत आहे. तेवढाच रोध कमी!

आणि 'टाय'चा फुलफॉर्म माहीत आहे का? ट्विन आयन इंजिन. इथे व्हिलनची हवा पुरती गुल! खरी आयन इंजिनं असतात. नासाचं 'डॉन' यान त्यावरच व्हेस्टा आणि सेरेसला पोचलं. पण त्या इंजिनाचा जोर किती? तळहातावर कागद ठेवल्यावर जाणवतो तेवढा. शून्यापासून ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेग गाठायला चार दिवस! शिवाय ते चालतं फक्त निर्वातात. आपल्या हवेत त्यापेक्षा टेबलफॅन बरा.

दगडालाही पंख फुटतात

एफ-४ फँटम या जाडजूड फायटरबद्दल वैमानिकांत एक टोमणा प्रसिद्ध होता: इंजिन पुरेसं मोठं असेल तर वीटसुद्धा उडते. अतिशयोक्ती? मे १९८३ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटावर सरावात एक एफ-१५ दुसऱ्या विमानाला धडकलं. वैमानिकाला वाटलं, पंखाला थोडं लागलंय. गळणाऱ्या इंधनाच्या धुक्यात नीट दिसेना. त्यानं वेग वाढवला, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगानं उतरला आणि मग वळून बघितलं. उजवा पंख नव्हताच! अख्खा गायब! रुंद, चपटं धड आणि दणकट इंजिनं यांनी त्याला घरी आणलं. पुढे नवा पंख बसवून तेच विमान पुन्हा उडालं.

बशीसारख्या यानाचं काय, विचारताय? 'स्टार वॉर्स'मधल्या 'मिलेनियम फाल्कन'वाल्यांनो, मन घट्ट करा. कॅनडाच्या ॲव्रो कंपनीनं अमेरिकी लष्करासाठी खरीखुरी उडती तबकडी बनवली होती. नाव ॲव्रोकार. व्यास साडेपाच मीटर. १९५९ ते १९६१ चाचण्या झाल्या. उंची? जेमतेम मीटरभर! त्याहून वर गेली की जमिनीवर पडलेल्या ताटलीसारखी डगमगायची. प्रकल्प बंद, तबकडी म्युझियममध्ये.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या लेखकांना मात्र सलाम. २००६ मधल्या एका भागात त्यांचं महाकाय जहाज अचानक वातावरणात अवतरतं आणि उडायचं सोडून सरळ धोंड्यासारखं कोसळायला लागतं. कोसळता कोसळता आपली फायटर्स सोडतं आणि पुन्हा गायब! आजवरचा सर्वांत प्रामाणिक सीन, आमच्या मते तरी.

'स्टार ट्रेक'नं तर भानगडच ठेवली नाही. माणसं चकचकत गायब होऊन ग्रहावर उगवतात, ते का, माहीत आहे का? दर आठवड्याला जहाज उतरवून दाखवायला पैसे नव्हते!

ग्रह बघून उडा

मंगळावर हवा आपल्या जेमतेम १ टक्का. तिथे २०२१ मध्ये उडालेल्या १.८ किलोच्या 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टरच्या पात्यांना मिनिटाला २,४००हून जास्त गिरक्या घ्याव्या लागल्या. पाच उड्डाणांची अपेक्षा होती, झाली ७२. त्याच्यासोबत राइट बंधूंच्या पहिल्या विमानाच्या कापडाचा तुकडाही गेला होता!

शनीचा चंद्र टायटन म्हणजे नवशिक्यांचा स्वर्ग. हवा चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातव्या हिश्श्याइतकं. हाताला पंख बांधून तुम्ही-आम्हीही उडू. फक्त स्वेटर घ्या, उणे १७९ अंश आहे.

गुरू मात्र नको. १९९५ मध्ये 'गॅलिलिओ'चं उपयान तिथे सेकंदाला ४७ किलोमीटर वेगानं घुसलं आणि त्याला २३० जीचा ब्रेक बसला. सत्तर किलोच्या वैमानिकाचं वजन तिथे सोळा टन, म्हणजे साधारण चार हत्ती. टाय फायटरची किंचाळी आता पटते.

आपलं पुष्पक!

पंखवालं अंतराळयान ही कल्पना मेलेली नाही बरं का. इस्रोचं 'पुष्पक' जून २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं. पायलट नाही, इंजिनाचा आधार नाही. तरी ते स्वतःच धावपट्टी शोधून ताशी ३२० किलोमीटरहून जास्त वेगानं उतरलं. फायटर विमानं साधारण २८०नं उतरतात. आखूड पंखांची ही किंमत!

अमेरिकेत याच घराण्याचा आजोबा तर प्लायवूडचा होता. एम२-एफ१, टोपणनाव 'उडता बाथटब'. बिनपंखांचा! १९६३ मध्ये त्याला हवेत चढवायला आधी काय वापरलं, माहीत आहे का? जास्त ताकदीची पाँटिॲक कार. कोरड्या तळ्यावर दोरी बांधून त्याला ओढला, पतंगासारखा.

आणि हो, एक्स-विंग खरंच उडालीये! डिसेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कवर, रात्रीच्या अंधारात. आत होतं बोइंगचं मालवाहू ड्रोन आणि त्याचे पंखे. पोशाख अंतराळाचा, दम हेलिकॉप्टरचा.

याच्या बरोब्बर उलटी गंमत 'एंटरप्राइज'ची. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला हे नाव द्यायला लावलं. १९७६ मध्ये ती कारखान्यातून बाहेर आली तेव्हा मालिकेतले कलाकार स्वागताला हजर! १९७७ मध्ये जम्बो जेटच्या पाठीवरून ती पाच वेळा सुटली, तरंगली, कॅलिफोर्नियात उतरली. अंतराळात एकदाही गेली नाही. आता ती न्यूयॉर्कला, 'इंट्रेपिड' नावाच्या जुन्या विमानवाहू जहाजावर उभी आहे. तिकीट काढून बघता येते.